सात पिसाळलेली कुत्री

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण एका कुत्रीच्या तक्रारीचा तपास माझ्या डोक्यातून अजून हललेला नाही. लोकांना सांगितले की ते हसतात. मीही पहिल्या दिवशी हसलोच होतो.

मी मूळचा कोकणातला, खाडीकाठच्या गावचा. सातवीनंतर शाळा सुटली. त्या काळी पोलिसात सातवी पास चालत असे, पण आमच्याकडे भरतीला रांग मोठी. कोणीतरी म्हणाले, बीडला जा, तिकडे लागशील. लागलो. समुद्राचा माणूस दुष्काळात येऊन पडला. तरी सांगतो, या जिल्ह्याने मला भाकरी दिली, घर दिले, सायेब म्हणून हाक दिली. ते उपकार मी विसरलेलो नाही. मात्र कमी शिकलेल्या माणसाच्या पोटात एक गोळा कायम असतो. आपले काही चुकेल, कागदात काही राहील, कोणी तरी विचारेल की तुला हे कळतेच कसे. तो गोळा माझ्या पोटात निवृत्तीपर्यंत होता.

त्या साली मी हवालदार होतो. परळी तालुक्यातल्या काही गावांचे बीट माझ्याकडे. पावसाळा कोरडा गेला होता आणि ठाण्यातली निम्मी माणसे टँकरच्या बंदोबस्तावर. सकाळी हजेरी झाली की चोऱ्यामाऱ्या सोडून आम्ही विहिरीच्या कठड्यावर उभे राहून बायकांच्या घागरी मोजायचो. मी कोकणातला म्हणून टोमणे ठरलेले. "जमादार, तुमच्याकडं समिंदर हाय म्हणं. आणा की एक टँकर भरून!"

वैशाखातल्या एका सकाळी एक बाई ठाण्यात आली. पन्नाशीची, विधवा, पायांत धूळ गुडघ्यापर्यंत. ठाणे अंमलदाराने डायरीतून मान वर न करता विचारले, "कशाची तक्रार?"

"कुत्रीची."

"चावली?"

"न्हाई."

"हारवली?"

"न्हाई. मेली म्हन्त्यात."

"मग मेली ना, मावशे?"

"मेली न्हाई. म्हणून तर आले."

सगळे ठाणे हसले. अंमलदार म्हणाला, "मावशे, इथं माणसांच्या तक्रारीला कागद पुरंना." ती हलली नाही. बाकावर बसली आणि म्हणाली, "कागद न्हाई म्हणता, तर मी आणते. दुकान कुठं हाय?" गाव माझ्या बीटातले, म्हणून ती ब्याद माझ्या टेबलावर आली.

तिची हकीकत अशी. दसरा झाला की ती भावाच्या टोळीबरोबर ऊस तोडायला कारखान्यावर जायची. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. ही एकटी, म्हणून अर्धा कोयता. गावाबाहेर शेतात तिची वस्ती, दोन शेळ्या आणि हरणी नावाची कारवान कुत्री. कारवान म्हणजे आपल्याकडची लांब तोंडाची, बारीक कमरेची, सशामागे पळणारी जात. तिकडचा सगळा मुलूख लांडग्यांचा. बाई म्हणाली, "हरणी हाय म्हणून मी दार लोटून निजते, सायेब. ती न्हाई तर मला ती वस्ती सोडावी लागंल. मंग जाऊ कुठं?"

आधी ती हरणीला म्हाताऱ्या सासूजवळ ठेवून जायची. सासू वारली. त्याच साली गावच्या दूध संस्थेच्या अध्यक्षाने पारावर जाहीर केले की जे कारखान्यावर जातात त्यांनी आपली कारवान कुत्री संस्थेकडे सोडावीत. मुकी जनावरे आहेत, दुष्काळ आहे, भाकर संस्था घालील. दूध आटल्यामुळे संस्थेची दूध थंड करायची खोली बंदच पडली होती, जागा होती. गावाने वाहवा केली. सात घरांनी कुत्री सोडली.

टोळ्या परत आल्या तेव्हा सातही घरांना एकच उत्तर मिळाले. पिसाळले, मारावे लागले, चुना टाकून पुरले.

"मग तुम्हाला कशावरून वाटतं की ती जिवंत आहे?"

"शेळ्या घिऊन संस्थेच्या मागनं चाल्ले होते. शेळीला हाळी दिली. आतून हरणी कुईकुई करायली. ती माझ्या हाळीला आदी भुंकत न्हाई. आदी कुईकुई करती, मंग भुंकती."

"भुंकली?"

"न्हाई ना. आतून कुणीतरी हाड् म्हणलं."

आता खरे सांगतो, मला पहिला संशय आला तो त्या बाईचाच. पोलिसाची ही सवयच असते. अर्ज समोर आला की आम्ही अर्जदाराच्या मागे कोण बसला आहे ते आधी शोधतो. दुपारपर्यंत मला कळले की तिचा दीर संस्थेच्या निवडणुकीत या अध्यक्षाच्या माणसांकडून पडला होता. मला वाटले, झाले, सापडले. मी तिला दरडावून विचारले, "खरं सांगा, दिरानं पाठवलं ना?"

तिने एक पाय पुढे केला. म्हणाली, "दीर मला सात वर्सं बोलत न्हाई. आन् त्यानं पाठवलं आस्तं तर गाडीवर आणून सोडलं आस्तं. मी सिरसाळ्याच्या फाट्यापासून चालत आलेय. हे पाय बगा."

पायांची धूळ मी सकाळीच पाहिली होती. पाहिली होती, पण वाचली नव्हती. मी अदखलपात्र नोंद केली आणि तिला प्रत दिली. तिने ती पदराला बांधली.

दुसऱ्या दिवशी संस्थेत गेलो. अध्यक्षाला गाव अप्पा म्हणायचे. साठीचा, कपाळावर भस्माचे पट्टे, शुभ्र धोतर, बोलणे साखरेसारखे. दुष्काळातही त्याने चहा दुधाचा दिला. "घ्या जमादार, पाणी टँकरचं हाय, पर दूध आपलं चोख. त्या बाईचं मनावर घेऊ नका. एकटी ऱ्हाती, बिचारी. कान वाजत्यात माणसाचे."

"बंद खोलीत काय आहे अप्पा?"

"जुनं मशीन. भंगारात घालायचं हाय. राखणीला एक कुत्रं ठिवलंय."

किल्ली मागितली तर किल्ली मुलाकडे, मुलगा अंबाजोगाईला. बरे म्हणालो. उठलो आणि लघवीला जायच्या निमित्ताने इमारतीच्या मागे गेलो. तिथली मोरी ओली होती.

ही गोष्ट शहरातल्या माणसाला मोठी वाटणार नाही. त्या गावात माणसे बाजेवर बसून आंघोळ करत होती. खाली घमेले ठेवायचे, त्यात पडलेले पाणी भांड्यांना, भांड्यांचे पाणी शेळीला. अशा गावात एका बंद खोलीच्या मोरीतून पांढरे फिनेलचे पाणी वाहिलेले, आणि अजून वाळलेले नाही. जुन्या मशीनला कोण आंघोळ घालतो?

संशय आला, पण पुरावा काय? ओली मोरी कोर्टात नेता येत नाही. अप्पाच्या बैठकीत पुढाऱ्यांचे फोटो लावलेले. मी सातवी शिकलेला हवालदार. आठवडाभर मी ती गोष्ट मनातच फिरवत राहिलो. बायको म्हणाली, "आपल्याला काय करायचंय कुत्र्याचं? बदली झाली म्हंजे?" तिचे खरे होते.

मग एका मारामारीतल्या जखमीची वैद्यकीय यादी, म्हणजे तपासणीसाठीचे पत्र, घेऊन मी आरोग्य केंद्रात गेलो. ओळखीच्या सिस्टर होत्या. सहज विचारले, "सिस्टर, यंदा पिसाळलेल्या कुत्र्यांचा फार त्रास झाला म्हणे त्या गावात?"

सिस्टर म्हणाल्या, "कुणी सांगितलं? फ्रीजमधी लस तशीच पडून हाय. एकजण आला न्हाई."

"सात कुत्री पिसाळली म्हणतात."

त्या हसायलाच लागल्या. "सात? हवालदारसाहेब, तुमी नवे हाव का? मागं धर्मापुरीकडच्या एका वस्तीवर एक कुत्रं पिसाळलं. चावलं कुणाला? म्हशीला. त्या म्हशीच्या दुधाचा चहा तेरवीला झालता. दुसऱ्या दिवशी आख्खी तेरवी टेम्पोत बसून आली, दंड पुढं करून! किती समजावलं की उकळलेल्या चहानं काय व्हत न्हाई. ऐकतंय कोण? आचारी तर तीनदा टोचून घ्यायला तयार व्हता."

मी यादी तिथेच विसरून बाहेर आलो. खरेच होते. आपल्याकडे माणूस सापाला घाबरत नाही, तितका पिसाळलेल्या कुत्र्याला घाबरतो. सात कुत्री पिसाळली आणि एका माणसाने दंड पुढे केला नाही, हे या भागात होणे नाही. अप्पाने असे खोटे निवडले होते की मेलेले कुत्रे दाखवा असे कोणी म्हणू नये. पिसाळलेल्याच्या खड्ड्याजवळ कोण जातो?

आता साहेबांना सांगणे भाग होते. ठाण्याचे प्रभारी तरुण सहायक निरीक्षक, परीक्षा देऊन आलेले, हुशार. मी त्यांच्या निवासस्थानी गेलो आणि दारातच थांबलो. व्हरांड्यात एक पिल्लू खेळत होते. लांब तोंड, बारीक कंबर, काडीसारखे पाय.

"छान आहे ना?" साहेब म्हणाले. "पाडव्याला दूध संस्थेच्या अप्पांनी आणून दिलं."

परत फिरावे असे वाटले. पण त्या बाईने पदराला बांधलेला कागद डोळ्यांपुढे आला. त्यावर सही माझी होती. मी उभ्याउभ्या सगळे सांगितले. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे मी चोरीचं पिल्लू पाळतोय, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"नाही साहेब. मला एवढंच म्हणायचंय, याची आई कुठे आहे ते विचारलं पाहिजे."

त्यांनी पिल्लू उचलून खुर्चीवर ठेवले. मग म्हणाले, "हे लेखी द्याल?"

"देतो. पण साहेब, माझं शुद्धलेखन..."

"शुद्धलेखन मी बघतो. तुम्ही लिहा. आणि पिल्लू पंचनाम्यात पहिलं घ्या."

ते खरोखर सरळ माणूस होते म्हणून असे बोलले, की आता अंगाशी येणार हे ओळखून त्यांनी स्वतःला आधीच सोडवून घेतले, हे मला आजही ठरवता आलेले नाही. चौकशी त्यांनी माझ्याकडेच दिली. म्हणाले, "गाव तुमचं आहे."

अप्पाला ठाण्यात बोलावले. तो धुतलेल्या कपड्यांत आला, बरोबर दोन सदस्य. त्यांना बाहेर बसवले. कुत्र्याचा विषय मी काढलाच नाही. माझा अनुभव असा की माणसाला त्याच्या गुन्ह्याबद्दल विचारले तर तो सावध उत्तर देतो, त्याच्या कामाबद्दल विचारले तर खरे उत्तर देतो.

"अप्पा, मी कोकणातला. मला दुधातलं काही कळत नाही. समजा गावात कुत्रं पिसाळलं, तर संस्था काय करते?"

त्याची छाती फुगली. "पहिलं काम, दूध बंद! ज्या घरच्या जनावराजवळ कुत्रं फिरकलं, त्या घरचं दूध आमी केंद्रावर घेत न्हाई. म्हैस चावलेली असो, नसो. फळ्यावर लिवतो, दवंडी देतो. एकडाव तर माझ्या सख्ख्या भावाचं दूध मी परत धाडलं व्हतं. आमच्या संस्थेच्या दुधाला आजपातूर कुणी बोट लावलं न्हाई, जमादार!"

"वा. मग यंदा किती घरांचं दूध बंद केलंत?"

"यंदा? एकाचंबी न्हाई. एक दिवस खंड न्हाई."

"दवंडी?"

"न्हाई दिली."

"सात कुत्री पिसाळली ना, अप्पा? तुमच्याच इमारतीत? दूध जिथं मोजतात त्याच्या मागच्या खोलीत?"

इतका वेळ ज्या अभिमानाने बोलत होता, तोच त्याच्यावर उलटला. आता पिसाळली म्हणावे तर गावाला विष पाजले असे होते. नाही म्हणावे तर कुत्री कुठे आहेत? दोन्हीकडून संस्था बुडत होती. मी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. पाणी पुढे केले. ते त्याने घेतले नाही. धोतराच्या सोग्यातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. किल्ली अंबाजोगाईला गेलीच नव्हती.

दुपारी दोन पंच, पशुवैद्यकीय डॉक्टर आणि ती बाई यांच्यासमोर खोली उघडली. फिनेलचा आणि आंबलेल्या दुधाचा वास एकदम अंगावर आला. डॉक्टर नाकाला रुमाल लावून आधी बाहेर आले. खिडक्यांना पत्रे ठोकलेले. दुधाच्या कॅन ठेवायच्या लोखंडी मांडण्या आडव्या करून कप्पे केलेले. प्रत्येक कप्प्यात एक कुत्री, वीतभर तारेने बांधलेली. उभे राहता येईल एवढीही उंची नाही. नखे वाढून आत वळलेली, कोपरांचे केस जाऊन कातडे उघडे पडलेले. वाट्या कोरड्या. फक्त जिच्याजवळ पिल्ले होती तिच्यापुढे पाणी. सगळ्या माद्या. तेव्हा मला आठवले, बाई पहिल्या दिवशी म्हणाली होती की नर त्याने घेतलेच नव्हते, नर भांडतात म्हणून. आणि सगळ्यात भयंकर म्हणजे एकही भुंकली नाही. पंचनाम्यात मी तसेच लिहिले: "आम्ही आत गेलो असता एकही कुत्री भुंकली नाही."

सातांपैकी पाच मिळाल्या. दोन खरोखर मेल्या होत्या, व्यायच्या वेळी.

हरणी शेवटच्या कप्प्यात होती. पोट जमिनीला टेकलेले. सहा महिन्यांत दुसऱ्यांदा गाभण. मोठ्या शहरांत या जातीच्या पिल्लांना मागणी होती आणि ती आधीच बोलून ठेवलेली होती. अप्पा माझ्यामागे उभा राहून म्हणाला, "पोटात हाईत तवर कशी देऊ, जमादार? आन् दुष्काळात यांना भाकर कुणी घातली आस्ती? मी जगवलंय यांना. पाप केलं न्हाई." त्याच्या आवाजात नाटक नव्हते. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

बाईने हाळी दिली नाही. कप्प्यापुढे जमिनीवर बसली आणि नुसता हात आत घातला. हरणीने तो हुंगला आणि मागे सरकली. पुन्हा हुंगला, पुन्हा मागे सरकली. एक पंच म्हणाला, "वळकंना वो." बाई त्याच्याकडे न बघता म्हणाली, "वळकती. भरवसा न्हाई तिला. मीच सोडून गेलते ना." ती तशीच बसून राहिली. आमचा पंचनामा, मोजमाप, सह्या, सगळे उरकले तेव्हा कुठे हरणीने तोंड तिच्या मनगटावर ठेवले. कुईकुई केली. भुंकली नाही.

गुन्हा दाखल झाला, विश्वासघाताचा आणि प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा. निकाल लागायला वर्षे गेली. दंड झाला. अप्पा संस्थेच्या पुढच्या निवडणुकीला पुन्हा उभा राहिला आणि निवडूनही आला. गावाचे दूध कुठेतरी घालावे लागतेच. कुत्र्या मुद्देमाल म्हणून जप्त होत्या, त्या ज्याच्या त्याला सुपूर्दनाम्यावर दिल्या. सुपूर्दनामा म्हणजे वस्तू सांभाळीन, कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन, असा लेखी करार. हरणी वस्तीवर व्याली, तीन जगली.

माझ्या दृष्टीने प्रकरण संपले होते. पण दसऱ्याच्या आधी बाई पुन्हा ठाण्यात आली, बरोबर हरणी, गळ्यात सुतळी. "सायेब, कागदावर लिवलंय कुत्री हजर करायची. टोळी तर परवा निघती. मी कशी जाऊ? न जाऊन खाऊ काय?"

तेव्हा मला कळले की आम्ही चोर पकडला, पण ज्या अडचणीवर त्याने दुकान थाटले होते ती जशीच्या तशी उभी होती. सहा महिने घराला कुलूप, आणि कुलपाबाहेर एक मुके जनावर. मी म्हणालो, "मावशी, माझ्या क्वार्टरच्या मागे जागा आहे. मी ठेवतो."

तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. "तुमी भले हाव. पर आप्पाबी भलाच व्हता. लिवून द्या."

अंमलदार भडकला, "अगं, जमादाराकडून लिवून घेती व्हय?" मी त्याला गप्प केले. कागद घेतला. हरणीचे वर्णन लिहिले, रंग, उजव्या कोपरावरचा घट्टा, वय. नराजवळ सोडणार नाही, असे तिने वेगळे लिहायला लावले. दोन साक्षीदार घेतले. खाली माझी सही. हजारो लोकांच्या सह्या मी घेतल्या होत्या. स्वतः आरोपीसारखा बसून सही करायची वेळ पहिल्यांदाच आली. तिने तो कागद पदराला बांधला.

कारखान्यावरून दर बाजारच्या दिवशी मुकादमाच्या फोनवरून तिचा फोन यायचा. ख्यालीखुशाली नाही, काही नाही. "सायेब, हरणी हाय का?"

"आहे मावशी. मजेत आहे. आत्ताच भाकर खाल्ली."

"तुमी नका सांगू. फोन तिच्याजवळ धरा."

मी मागच्या दारी जाऊन, वर्दीत, उकिडवा बसून, फोन कुत्रीच्या कानाजवळ धरायचो. पलीकडून उसाच्या फडातून तिची हाळी यायची. हरणी कान टवकारायची, आधी कुईकुई करायची. बाई पलीकडे ऐकत राहायची. मग एकदा हरणी भुंकायची, मोकळी, दोन-तीनदा.

"बरं," बाई म्हणायची आणि फोन ठेवायची.

मला कधी राग आला नाही. तीस वर्षे मी लोकांवर संशय घेतला, त्याचा मला पगार मिळाला. या बाईने विश्वास एकदाच टाकला होता आणि त्याचे काय झाले ते तिने त्या खोलीत पाहिले होते. चांगला माणूस कोण हे तोंडावरून ओळखण्याचा नाद मी त्या हंगामात सोडला. दर बाजारच्या दिवशी दुपारी मी हातातले काम टाकून घरी जायचो आणि फोनची वाट बघत मागच्या दारी बसायचो. हरणी माझ्याआधी तिथे येऊन बसलेली असायची.